वेढे मोजताना

एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस.
वेढे मोजताना माझ्याशी कोणी बोलायचं नाही,
फैजपूरच्या या दुकानात एवढा एकच नियम.
यामिनी रांगत होती तेव्हापासून तिला तो ठाऊक.
तरी आज ती दारात उभी, हातात दोन फॉर्म.
बोलत नाही. पण असं उभं राहणं हेही बोलणंच.

दहावीला त्र्याऐंशी टक्के.
वाघुळदे सर घरी येऊन सांगून गेले,
"अकरावी सायन्स. दुसरं काही मनातही आणू नका."
तिची आई म्हणाली, "मास्तर म्हणतात तं बरोबरच असीन."
आणि पोरगी म्हणते, आयटीआय. इलेक्ट्रिशियन.
सगळ्या पोरांत एकटीच असशील, म्हटलं,
तर म्हणाली, दुकानात तरी दुसरी कोण असते?

मी काय सांगणार?
माझं ठरलं ते वडलांच्या एका वाक्यात:
"आयटीआयले विद्यावेतन मिळते, कॉलेजले फी लागते."
लोटन भंगाळे कॉलेजात गेला, मी भुसावळला वाइंडिंग शिकायला.
आता तो प्राध्यापक. घरची मोटार
स्कूटरच्या पायदानावर ठेवून आणतो,
चष्मा पुसत म्हणतो, "तुझं बरं आहे गड्या, हातात कला आहे,"
आणि पैसे पुढच्या महिन्यात देतो.
मी त्याला खुर्ची देतो.
दुकानात खुर्ची एकच आहे.

वैशाखात केळी पाणी मागते तेव्हा
जळलेल्या मोटारी दारापर्यंत रांगेत पडतात.
न्हावीहून, मारुळहून माणसं येतात,
रात्री अकराला शटर वाजवतात.
त्या वेळी कोणी मला टक्के विचारत नाही.
पण बँकेचा कागद भरताना
'शिक्षण' लिहिलेल्या रेघेवर माझं पेन जरा थांबतं.
तेही खरं.

परवा तिनं विचारलं,
"पप्पा, कंडेन्सर गेला की मोटार नुसती घुमते, फिरत नाही. का?"
बदलायचा कंडेन्सर. फिरते.
"पण का?"
शाफ्टला हातानं झटका दिला तरी फिरते.
"कोणत्याही बाजूला?"
देशील त्या बाजूला.
"मग का?"
सव्वीस वर्षं मी झटके देत आलोय.
एकाही गिऱ्हाइकानं हे विचारलं नव्हतं.
तिनं सरांनाही विचारलं म्हणे.
ते म्हणाले, हे परीक्षेला नाही.

माझी एक वही आहे, खाकी पुठ्ठ्याची, तेलकट.
एचपी, खाचा, गेज, वेढे, वजन.
हजारावर मोटारी निजल्यात तिच्यात.
काल रात्री उघडली तर चालू पानावर
तिनं पट्टी लावून सहावा रकाना आखलेला.
वर लिहिलं होतं: का?
खाली सगळं कोरं.

तो रकाना कुठे भरून मिळतो,
कॉलेजात की आयटीआयत,
हे दोन्ही फॉर्मांवर छापलेलं नाही.
मी मागची बाजूसुद्धा बघितली.

सव्वाचार झालेत. पाचला साइट बंद होणार,
तुषारच्या नेट कॅफेत आत्ताच पाचसहा पोरं ताटकळत असतील.
"पप्पा."

सत्तेचाळीस? का अठ्ठेचाळीस?
गेली मोजणी.

ती ओठ चावते.
मी तार उलटी सोडवत बसतो, वेढ्यामागून वेढा,
मग तीही तशीच लोंबती ठेवून उठतो.
खुर्चीवरचा स्टेटर उचलून खाली ठेवतो,
फडक्यानं खुर्ची पुसतो. वार्निशचा डाग काही जात नाही.

"बस," म्हणतो.
"फॉर्मचं मंग पाहू. आधी मले सांग,
तुले काय वाटते, काहून घुमत असीन ती?"